गाडीचा धनी

आमच्या घरीं रात्रीचीं जेवणें उरकलीं म्हणजे सगळी मंडळी दिवाणखान्यांत जमते, आणि मग एखाद्या गोष्टीवरून वाद निघाला नाहीं असा दिवस विरळा. गेल्या महिन्यांतील अशाच एका वादाची हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे. मुलांनीं ‘इन्स्पेक्टर मोर्स’ ही जुनी इंग्रजी चित्रमालिका लावली होती. विलायतेंत ती १९८७ पासून २००० पर्यंत दाखविली गेली. ऑक्सफर्डमध्यें एक खून झालेला, संशयित पुष्कळ, आणि मोर्ससाहेब चिंतेंत. परंतु आमच्या धाकट्या नातीचें लक्ष खुन्याकडे नव्हतेंच. तें साहेबांच्या गडद तांबड्या मोटारीकडे होतें. तिनें विचारलें, “आजोबा, पोलिसांतले एवढे मोठे अधिकारी, आणि इतकी जुनी गाडी कां हो वापरतात?”

मी कांहीं बोलण्यापूर्वींच हिशेबतपासनिसाचा धंदा करणारा आमचा मोठा पुतण्या म्हणाला, “हौस, दुसरें काय! किंमत उतरत जाते आणि खर्च चढत जातो. आमच्या वह्यांत याला एकच नांव आहे, बुडीत खातें.” यावर वहिनी म्हणाल्या, “मग तुझ्या पणजीची समई अजून देवघरांत कां? घाल ना मोडींत!” “समई पेट्रोल पीत नाहीं, आई,” असें त्यानें उत्तर दिलें आणि त्या रात्रीपुरता वाद मिटला. माझ्या मनांतून मात्र तो गेला नाहीं.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. इंग्रज ज्या मोटारीला ‘सलून’ म्हणतात तिचा केशकर्तनाशीं कांहीं संबंध नाहीं. कायमच्या छपराची, बहुधा चार दारांची, चारपांच माणसें ऐसपैस बसतील अशी जी घरगुती मोटार, ती सलून. मोर्ससाहेबांची गाडी याच जातीची, जग्वार कंपनीची ‘मार्क टू’. गंमत अशी कीं कॉलिन डेक्स्टर यांच्या आरंभींच्या कादंबऱ्यांत मोर्स लॅन्शिया ही इटालियन मोटार हांकीत असे. पडद्यावरची जग्वार लोकांच्या मनांत इतकी ठसली कीं पुढील आवृत्त्यांत लेखकानेंच आपल्या नायकाची गाडी बदलली.

ह्या मोटारींचा जनक विल्यम लायन्स हा कांहीं सरदार घराण्यांतला नव्हे. १९२२ सालीं ब्लॅकपूल येथें एका भागीदाराबरोबर त्यानें मोटारसायकलींना जोडावयाचे साइडकार बनविण्याचा कारखाना काढला, आणि १९२८ सालीं तो कॉव्हेंट्रीस आणला. १९३५ सालीं लंडनच्या एका हॉटेलांत त्यानें आपली नवी सलून मोटार पाहुण्यांपुढें मांडली आणि किंमत ओळखण्यास सांगितलें. अंदाजांची सरासरी ६०० पौंडांच्या वर गेली. प्रत्यक्ष किंमत ४०० पौंडांहून कमी होती! ‘जग्वार’ हें नांव प्रथम मिळालें तें ह्याच मोटारींना. कंपनीचें नांव तेव्हां ‘एस. एस.’ असें होतें. हिटलरच्या अनुचरांनीं तीं अक्षरें विटाळल्यावर १९४५ सालीं तें टाकून देण्यांत आलें. तेव्हां ही मोटार अमीरउमरावांची नव्हे हें आमच्या पुतण्यानें ध्यानांत घ्यावें. डॉक्टर, वकील, बरा चाललेला व्यापारी यांना उमरावी थाटाचा भास आपल्या ऐपतींत मिळवून देणारी ती वस्तु होती.

लायन्सला यंत्रांपेक्षां नजरेची देणगी मोठी होती. नव्या मोटारीची पूर्ण आकाराची प्रतिकृति तो मोकळ्या उजेडांत ठेवावयास लावी, तिच्याभोंवतीं फिरे, आणि एखादी रेघ मनास येईना कीं कारागिराकडून बदलून घेई. यंत्राचें काम त्यानें जाणत्या माणसांवर सोंपविलें होतें. १९४० च्या नोव्हेंबरांत जर्मन विमानांनीं कॉव्हेंट्री जाळलें. त्या दिवसांत कारखान्यावर आगीसाठीं रात्रीचा पहारा असे, आणि त्या पहाऱ्यावर बसून लायन्स व त्याचे एंजिनिअर युद्धानंतरच्या एंजिनाचे बेत करीत. आकाश पेटलेलें असतां घरगुती मोटारीच्या एंजिनाची चर्चा करणारीं तीं माणसें मला फार आवडतात. तें एंजिन १९४८ सालीं बाहेर पडलें, आणि १९९२ पर्यंत बनत राहिलें.

१९५९ सालीं निघालेल्या मार्क टूमध्यें तें होतें. चारी चाकांना चकतीचे ब्रेक, आणि मोठ्या एंजिनाची गाडी तर ताशी १२० मैलांच्या वर पळे. त्यामुळें १९६० नंतरच्या दशकांत ती इंग्लंडच्या पोलिसांना जितकी प्रिय झाली तितकीच दरोडेखोरांनाहि झाली. परंतु मालकाला वेड लागतें तें वेगाचें नव्हे. दार उघडतांच कातड्याचा वास येतो. समोर अक्रोडाच्या लाकडाचे पातळ पापुद्रे बसविलेले असतात, त्यांच्या रेषा आरशांतल्या प्रतिबिंबाप्रमाणें एकमेकींशीं जुळतात. पुढच्या बैठकींच्या पाठीला मागच्या मंडळींसाठीं घडीचीं छोटीं मेजें असत. हत्यारें ठेवण्याची पेटी वाटोळी. ती राखीव चाकाच्या पोटांत नेमकी बसे. आपल्याकडे फिरकीच्या तांब्याचें झांकण जसें एकाच जागीं बसतें, तसें तें.

पुढें १९६८ सालीं लायन्सनें एक्स. जे. सिक्स ही मोटार काढली, आणि तिच्या जाहिरातींत तो स्वतः उभा राहिला. आपली सर्वोत्तम जग्वार ती हीच, असें त्याचें म्हणणें होतें. रस्त्याचा गोंगाट आंत येऊं नये म्हणून एंजिनिअरांनीं चाकांच्या जोडणींत जागोजागीं रबराच्या उशा बसविल्या होत्या, आणि टायरहि मुद्दाम तयार करवून घेतले होते. मागच्या दोन्ही बाजूंस पेट्रोलची एकेक टांकी, दोन्हींचीं तोंडें निराळीं, आणि एक रिकामी झाली कीं पुढची कळ दाबून दुसरीवर जावयाचें. मालकाला दोहोंचाहि हिशेब ठेवावा लागे.

आतां दुसरी बाजू. हिंवाळ्यांत विलायतेंत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. तें खारें पाणी ह्या गाड्यांच्या पोटांत शिरतें, आणि बाहेर रंग झळाळत असतां आंत पत्रा पोखरला जातो. ज्यांचीं अंगें वेगळ्या सांगाड्यावर बसविलेलीं नाहींत त्या मोटारींत हा पत्राच सांगाड्याचें काम करितो. म्हणून गंज म्हणजे केवळ कुरूपता नव्हे, अस्थिक्षय होय. एंजिनांतून तेल ठिबकतें. गाडीखालीं तेलाचा डाग दिसेनासा झाला तर आंतलें तेल संपलें असें समजावें, असा मालकांतील जुना विनोद आहे. विजेचीं उपकरणें पुरविणाऱ्या लुकास कारखान्याला ते लोक थट्टेनें ‘अंधाराचा राजा’ म्हणत आले आहेत. एका लिटरला पांचसहा किलोमीटर एवढीच एक्स. जे. सिक्सची चाल. आणि पुरती सडलेली गाडी नीट करावयाची तर दुरुस्तीचा आंकडा पुष्कळदां गाडीच्या किंमतीच्या वर जातो. पुतण्याचें बुडीत खातें तें हेंच.

मग लोभ कशाचा? मला वाटतें, ह्या गाड्या हातानें कळतात. एंजिनाच्या कुशीला दोन कार्ब्युरेटर असतात आणि दोघांनीं सारखी हवा ओढली पाहिजे. जुने मालक रबराच्या नळीचें एक टोंक कानाशीं आणि दुसरें कार्ब्युरेटरच्या तोंडाशीं धरून सुस्काऱ्याचा आवाज ऐकतात, मग स्क्रू किंचित् फिरवितात, पुन्हां ऐकतात. वैद्य नाडी पाहतो त्यांतलाच हा प्रकार. ज्या वस्तूचा श्वास मनुष्य इतकीं वर्षें कान देऊन ऐकतो, ती वस्तु त्याला परकी राहत नाहीं. आजच्या मोटारींचें एंजिन प्लास्टिकच्या झांकणाखालीं दडविलेलें असतें. ती बिघडली तर संगणक सांगतो, आणि मालक बाहेर खुर्चीवर बसून चहा पितो. सोय आहे, यांत शंका नाहीं. पण सोयीचें ऋण कोणी मानीत नाहीं.

हा लोभ केवळ जग्वारपुरता नाहीं, आणि केवळ खासगी माणसांचाहि नाहीं. रोव्हर कंपनीची साडेतीन लिटरची भारदस्त सलून १९७३ सालीं बंद झाली, तेव्हां सरकारनें शेवटच्या कांहीं गाड्या विकत घेऊन जपून ठेवल्या. १९७९ सालीं मार्गारेट थॅचर पंतप्रधान होऊन डाउनिंग स्ट्रीटवर आल्या त्या ह्याच नमुन्याच्या रोव्हरमधून. गाडी बनविणें थांबून सहा वर्षें झालीं होतीं.

आतां खरा मालक कोण, हा प्रश्न घेऊं. कागदोपत्रीं पाहतां जग्वार कंपनीनें किती धनी पाहिले! १९६६ सालीं ती एका मोठ्या संघांत विलीन झाली, १९६८ सालीं ब्रिटिश लेलँडमध्यें गेली, पुढें सरकारच्या हातीं आली, १९८४ सालीं पुन्हां स्वतंत्र झाली, १९८९ सालीं अमेरिकेच्या फोर्डनें ती घेतली, आणि २००८ सालीं आपल्या टाटांनीं लँड रोव्हरसह ती सुमारें २३० कोटी डॉलरांना विकत घेतली. ज्या पुण्याच्या परिसरांत टाटांच्या मालमोटारी बनतात, तेथील माणसांना त्या दिवशीं किती हर्ष झाला असेल हें सांगावयास नकोच. कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन येथील जुन्या कारखान्यांत गाड्या जोडण्याचें काम त्याआधींच, २००५ सालीं, थांबलें होतें. एक्स. जे. हें नांव २०१९ सालीं संपलें. २०२४ अखेर विलायतेंत नव्या जग्वार विकणेंहि थांबलें. पुढें विजेच्या गाड्या काढावयाच्या असें ठरलें. टाटांच्याच काळांत, २०१७ सालीं, कॉव्हेंट्रीजवळ जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीसाठीं खास कर्मशाळा उघडण्यांत आली हेंहि नमूद केलें पाहिजे. तरी कारखान्याचे धनी बदलत असतां गाडीचा धनी पुष्कळदां तोच राहिला. १९५६ पासून चालत असलेलें जग्वार मालकांचें मंडळ आहे, सुटे भाग पुन्हां घडविणारे छोटे कारखाने आहेत; कंपनीनें वाऱ्यावर सोडलेल्या गाड्या ह्या लोकांनीं जगविल्या.

पेट्रोलचा आक्षेप मात्र खोटा नाहीं, आणि वहिनींना तो मी सांगितला. धूर हा धूरच; तो जुना म्हणून सात्त्विक होत नाहीं. ४० वर्षांवरील मोटारींना तेथें रस्तापट्टी माफ आहे, आणि २०१८ पासून बहुतेकांना वार्षिक तपासणींतूनहि सूट आहे. ही दुसरी सवलत मला पसंत नाहीं. म्हाताऱ्यालाच वैद्याची गरज अधिक. शहाणे मालक आपण होऊन तपासणी करवितात. सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्यें शेंकडा १० पर्यंत इथेनॉल येऊं लागलें, तें जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाहीं. म्हणून ह्या गाड्यांना महागडें पेट्रोल घालावें लागतें. बहुतेक जण वर्षांतून थोडेच मैल चालवितात, आणि हिंवाळाभर गाडी झांकून ठेवितात. एवढ्यानें पुतण्याचें समाधान झालें नाहीं, आणि तें व्हावें असा माझाहि आग्रह नव्हता.

त्याला निरुत्तर केलें तें दुसऱ्याच गोष्टीनें. हे मालक आतां वृद्ध झाले आहेत. नळी कानाला लावून एंजिन ऐकणारे कारागीरहि त्यांच्याच वयाचे. मुलांना गाडी ठेवावयास जागा नसते, कोणाला वेळ नसतो, कोणाला ओढच नसते. आमच्या घरांत चारपांच पेट्या संस्कृत पोथ्यांच्या आहेत. त्यांचें पुढें काय, हा प्रश्न गेलीं दहा वर्षें आम्ही सारे टाळीत आलों आहोंत. मी हें बोललों तेव्हां दिवाणखान्यांत कोणीच कांहीं बोललें नाहीं.

थोड्या वेळानें नातीनें विचारलें, “मग ते आजोबा गाड्यांचें काय करतात?” मीं सांगितलें, विकतात, परंतु जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत पुष्कळदां एक ओळ असते, चांगलें घर मिळाल्यास द्यावयाची आहे. पाहावयास आलेल्या माणसाला मालक उलट प्रश्न विचारतो: छपराची जागा आहे कां, पावसांत बाहेर ठेवणार नाहीं ना, स्वतः हात लावतां कीं नोकराकडून करवितां? मनाजोगता माणूस भेटला तर किंमतहि उतरवितो.

“म्हणजे स्थळ पाहतात!” वहिनी म्हणाल्या.

“आणि वर हुंडाहि देतात,” पुतण्या म्हणाला, आणि उठून मालिकेचा राहिलेला भाग लावूं लागला.