फंडांची यादी आणि रिकाम्या खुर्च्या

गणेशोत्सवानंतरच्या शनिवारी मंडळाने ‘४०१(के)मधले फंड कसे निवडावेत’ या विषयावर सत्र ठेवले होते. ४०१(के) म्हणजे अमेरिकेतले, कंपनीमार्फत चालणारे निवृत्ती-बचतीचे खाते. निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या राहिल्या. नंतर मात्र कार्यकारिणीकडे दोन तक्रारी आल्या. नाटक-गाण्याच्या मंडळात पैशाचा विषय कशाला, ही एक. विमा आणि गुंतवणूक व्यवसायातल्या सभासदांना बोलायला का दिले नाही, ही दुसरी.

दुसऱ्या तक्रारीतली नाराजी कार्यकारिणी समजू शकते. महाप्रसादापासून स्मरणिकेच्या जाहिरातींपर्यंत या मंडळींचा हातभार मोठा आहे आणि त्यांच्या सचोटीबद्दल कुणालाही शंका नाही. तरीही ज्या विषयावर सल्ला द्यायचा त्यातच सल्ला देणाऱ्याचे कमिशन असेल, तर मंडळाने त्याला व्यासपीठ देऊ नये, हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला आहे आणि तो कायम राहील.

पहिल्या तक्रारीचे उत्तर त्या दिवशी टेबलावरच होते. एका ताईंनी आपल्या कंपनीच्या प्लॅनचा कागद पुढे केला. त्यातले दोन फंड अमेरिकेतल्या त्याच ५०० मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणारे. एकाचा वार्षिक खर्च ०.०४ टक्के, दुसऱ्याचा जवळपास १ टक्का. ताईंचे पैसे वर्षानुवर्षे महागड्या फंडात पडून होते, कारण रुजू होताना शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तोच घेतला होता.

एका टक्क्याने काय बिघडते? अमेरिकेच्या श्रम खात्याने हिशेब मांडून ठेवला आहे. ४०१(के)त २५,००० डॉलर आहेत, नवी भर नाही, ३५ वर्षे ७ टक्के परतावा. खर्च अर्धा टक्का असेल तर सुमारे २,२७,००० डॉलर होतात. दीड टक्का असेल तर १,६३,०००. म्हणजे निवृत्तीची रक्कम २८ टक्क्यांनी कमी.

आपल्याच कंपनीच्या शेअरवर सगळा भरवसा ठेवणारेही आपल्यात आहेत. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे महाराष्ट्राच्या परिचयाच्या झालेल्या एन्रॉनमध्ये २००० च्या अखेरीस कर्मचाऱ्यांच्या ४०१(के)तली सुमारे ६२ टक्के रक्कम कंपनीच्याच शेअरमध्ये होती. डिसेंबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. नोकरी आणि पुंजी एकदमच गेली.

ज्यांना यात डोके घालायला वेळ नाही, त्यांच्यासाठी निवृत्तीच्या वर्षानुसार शेअर-रोख्यांचे प्रमाण आपोआप बदलणारा टार्गेट डेट फंड बऱ्याच प्लॅनमध्ये असतो. तो घेण्यात गैर काहीच नाही. फक्त त्याचाही खर्च पाहावा. आणि कंपनी मॅच, म्हणजे आपल्या भरण्याला स्वतःची जोड, देत असेल तर निदान ती पूर्ण मिळेल एवढी रक्कम तरी भरावी, ही गोष्ट फंड निवडण्याच्याही आधीची.

भारतात परतू पाहणाऱ्यांचे प्रश्न वेगळे आहेत. साधारणपणे साडेएकोणसाठ वर्षांच्या आत पैसे काढले तर कराखेरीज काढलेल्या रकमेवर आणखी १० टक्के दंड बसतो. त्यावर कार्यकारिणी स्वतंत्र सत्र ठेवणार आहे.

त्याआधी दिवाळीनंतर हेच सत्र पुन्हा होईल. मुलांसाठी शेजारच्या खोलीत चित्रकला असेल, चहा-पोहे असतील. येताना प्लॅनची फंडांची यादी छापून आणावी, नाव आणि शिल्लक झाकून. नवरा-बायको दोघांनीही यावे. खात्यावर वारस म्हणून कुणाचे नाव आहे, तेही घरून पाहून यावे. लग्नाआधी भरलेला फॉर्म अनेकांनी पुन्हा उघडलेला नाही. येणाऱ्यांनी चिटणिसांना आठवडाभर आधी कळवावे, म्हणजे पोह्यांचा अंदाज चुकणार नाही.