रॉक-संगीतिका आणि प्रकाशाची संहिता

मराठी नाट्यसमीक्षेने संगीताची चर्चा उदंड केली. प्रकाशाच्या वाट्याला मात्र बहुधा शेवटचे एक वाक्य येते. ‘प्रकाशयोजना समर्पक होती’ एवढे लिहून समीक्षक मोकळा होतो. संगीत नाटकाच्या बाबतीत त्याने फारसे बिघडले नाही. 1880 च्या ‘संगीत शाकुंतला’पासून रूढ झालेल्या त्या परंपरेत प्रहर, ऋतू आणि मनःस्थिती यांचा भार रागाने वाहिला. पूरिया आळवला की संध्याकाळ होई; दिव्याला काही करावे लागत नसे. रॉक-संगीताला असा प्रहर नाही. त्याचा ठेका अखंड, ध्वनी यंत्राने वाढविलेला, आणि शब्द पुष्कळदा त्यात बुडालेले. तेथे काळ सांगण्याचे, किंबहुना पात्राचे अंतरंग उघडण्याचे काम प्रकाशाकडे येते.

मराठीत या प्रश्नाचे खरे स्थळ म्हणजे ‘तीन पैशाचा तमाशा’. ब्रेख्तच्या 1928 मधील ‘थ्री पेनी ऑपेरा’चे पु. ल. देशपांडे यांनी केलेले हे रूपांतर जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने 1978 मध्ये रंगभूमीवर आणले. अंकुशच्या भूमिकेत नंदू भेंडे होते. ॲलिक पदमसी यांच्या 1974 च्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनीच जुडास रंगविला होता. विश्वासघातकी शिष्य आणि गुंडांचा म्होरक्या, दोघेही रॉकच्या स्वरात प्रेक्षकाला आपल्याकडे ओढणारे. अशा गायकावर गोल झोत टाकून भोवती अंधार केला, की गुन्हेगाराचा नायक व्हायला एक कडवे पुरते. ब्रेख्त हे जाणून होता. त्याच्या संहितेत गाण्यासाठी सोनेरी उजेड, उजळलेला ऑर्गन आणि दांडीवरून खाली येणारे तीन दिवे अशी सूचना आहे. दिवे उतरताना दिसले पाहिजेत, ही त्यातली मेख. नट पात्रातून क्षणभर बाहेर आला आहे, हे उजेडानेच जाहीर करावयाचे. तमाशातील टेंभ्याला किंवा पुढच्या गॅसबत्तीला हे कोणी शिकविले नव्हते. तिच्या उजेडात राजा आणि सोंगाड्या सारखेच उघडे पडत. म्हणून अंकुशची गाणी मोहक झोतात नव्हे, सपाट, निर्लज्ज उजेडात व्हावीत, हेच संहितेशी अधिक प्रामाणिक. (उत्पल दत्त यांच्या 1959 च्या ‘अंगार’मध्ये तापस सेन यांनी प्रकाशाने खाणीत पाणी भरून दाखविले, ते अद्भुतच, पण तो मार्ग निराळा.)

जबलपूरसारख्या नगरात हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातले हे शहर. येथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. ‘विवेचना’सारख्या संस्थेमुळे हिंदी नाट्यप्रयोगांची परंपरा येथे आहे, परंतु मराठी नाटक वाचकाच्या हाती येते ते मुख्यतः छापील पुस्तकातून. त्यावरून ‘तीन पैशाचा तमाशा’वर प्रबंध लिहिणे म्हणजे भेडाघाटचा संगमरवर भर दुपारी पाहून तेथील चांदण्याचे वर्णन करणे होय. पद्ये मिळतात, ती कोणत्या उजेडात गायिली गेली, हे मिळत नाही.

विद्यापीठांचे भाषाविभाग नाटकाचे पाठभेद कसोशीने तपासतात. तीच कसोशी प्रकाशयोजनेच्या टिपणांना लाभली पाहिजे. भास्कर चंदावरकर 2009 मध्ये गेले, नंदू भेंडे 2014 मध्ये. त्या पिढीच्या प्रयोगांत दिव्यांपाशी उभे राहिलेल्यांकडून कोणता दिवा कोणत्या ओळीवर लागला आणि कोणत्या ओळीवर विझला, एवढे तरी लिहवून घेऊन संहितेच्या समासात नोंदविले जावे.