आवाज ओळखीचा, माणूस अनोळखी

एक सोपा प्रश्न विचारते. दूरदर्शनवरच्या ‘जंगल बुक’मधल्या शेरखानला हिंदीत आवाज कुणाचा होता? ‘नाना पाटेकरांचा’ हे उत्तर पन्नाशीच्या आतबाहेरचा कुणीही झोपेतून उठवलं तरी देईल. आता दुसरा प्रश्न. तुमच्या घरातलं लेकरू ज्याला पाहिल्याशिवाय घास गिळत नाही, त्या डोरेमॉनला हिंदीत कुणी बोलतं केलं? डोक्यावर टोपी घालून उड्या मारणाऱ्या निंजा हातोडीला कुणी? इथे मात्र आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतो. दिवसाला दोन-दोन तास जो आवाज आपल्या दिवाणखान्यात घुमतो, मुलांना हसवतो, प्रसंगी चार शब्द शिकवतो, त्या आवाजाच्या माणसाचं नाव-गाव आपल्याला ठाऊक नसतं. दूध घालणाऱ्या भय्याचं नाव आपल्याला माहीत असतं, पण या आवाजाचं नाही.

तर सांगून टाकते. हिंदी डोरेमॉनचा अनेक वर्षांचा आवाज सोनल कौशल यांचा आणि हातोडीचा आवाज आपल्या मराठी अभिनेत्री मेघना एरंडे यांचा. आपली पोरं या मालिकांमुळे घरात हिंदी बोलायला लागली, अशी तक्रार मराठी आयांकडून नेहमी ऐकू येते. पण त्यातल्या एका पात्राच्या तोंडून आपलीच एक मराठी मुलगी बोलत होती, हे कितीजणींना माहीत होतं?

हे सगळं आत्ता सुचायचं कारण म्हणजे नुकताच पाहिलेला एक मेळावा. जपानी चित्रमालिकांना ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात आणि त्यांचे चाहते वर्षातून एखाद्या दिवशी एकत्र जमतात. दिल्ली-मुंबईतल्या मोठ्या ‘कॉमिक कॉन’बद्दल तुम्ही वाचलं असेल. २०११ साली दिल्ली हाटमध्ये त्याची सुरुवात झाली आणि आता तिथे तोबा गर्दी असते. नागालँडमध्ये कोहिमाच्या तरुणांनीही असे मेळावे भरवून नाव कमावलं आहे. मी गेले तो मेळावा मात्र अगदीच घरगुती होता. मुंबईच्या उपनगरातलं एक सभागृह, जिथे एरवी मुंजी आणि साखरपुडे होतात. माणसं असतील दोनेकशे. दाराशी वडापाव आणि सरबताचं टेबल. आत मात्र जपान अवतरलेलं!

हिरव्या-काळ्या चौकटींचा झगा घातलेला तांजिरो, तोंडात बांबूची नळी धरलेली त्याची बहीण नेझुको, गवती टोपीतला लफी, कपाळावर धातूची पट्टी बांधलेले पाच-सहा नारुतो. एक नारुतो घामाघूम होऊन पंख्याखाली बसला होता आणि त्याची आजी त्याला वारा घालत होती. एरवी आपल्याच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मान खाली घालून मोबाइलकडे पाहत उभी असणारी ही मुलं. पण इथे एकमेकांना हाका मारत होती, पात्राच्या थाटात वाकून नमस्कार करत होती.

तुम्ही म्हणाल, हे जपानी खूळ आपल्याकडे कधी शिरलं? खरं तर ते आपल्याच पिढीच्या हातून शिरलं. १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी अख्खा देश ज्या मोगलीसाठी अंघोळी लांबवत होता, ती मालिका मुळात १९८९ साली जपानमध्ये तयार झाली होती. युगो साको या जपानी निर्मात्याने आपल्या राम मोहन यांना बरोबर घेऊन १९९२ मध्ये रामायणावर पूर्ण लांबीचा चित्रपट काढला. त्याच्या जुन्या हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा आवाज होता आणि रावणाला अमरीश पुरी यांचा. तोच चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा आजी-आजोबा नातवंडांना घेऊन गेले. २००५ नंतर डोरेमॉन आणि शिनचॅन घरोघरी आले. शिनचॅनच्या आगाऊपणावर पालक इतके वैतागले, की २००८ साली सरकारने ती मालिका बंद केली. पुढे काटछाट होऊन ती परत आली, हा भाग वेगळा. २०१९ मध्ये ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट भारतातही दाखवावा म्हणून चाहत्यांनी अर्ज केला. त्यावर पन्नास हजारांहून अधिक सह्या झाल्या आणि तो खरोखरच आपल्याकडे लागला. म्हणजे हे खूळ म्हणावं, तर ते पोरखेळापलीकडे कधीच गेलेलं आहे.

आता या वेशभूषेबद्दल. तिला ‘कॉस्प्ले’ म्हणतात. कॉस्च्युम आणि प्ले या दोन शब्दांची ही जपानी थाटाची सांधेजोड नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८३ साली एका जपानी मासिकात वापरली आणि ती जगभर रूढ झाली. प्रथा मात्र त्याहून जुनी आहे. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातले पोशाख घालून आले होते. फोटो अ‍ॅकरमनचे गाजले, नावही त्यांचंच झालं. ते दोन्ही पोशाख बेतले आणि शिवले होते ते मर्टलबाईंनी. शिवणारीचं नाव मागे राहणं हे काही आपल्याकडेच घडतं असं नाही!

आणि वेश घेऊन दुसरं कुणीतरी होणं आपल्याला तरी कुठे नवं आहे? दारी येऊन पोलिसाचा आव आणत घरच्यांना दमात घेणारा बहुरूपी आपल्या आजीला चांगला आठवत असेल. फरक इतकाच, की बहुरूप्याचं त्यावर पोट होतं आणि ही मुलं त्यासाठी खिशातले पैसे घालतात.

त्या सभागृहात एका कोपऱ्यात बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई सुई-दोरा आणि सेफ्टी पिनांचा डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या लेकीचा गुलाबी किमोनो त्यांच्याच जुन्या सुती साडीचा होता. कुणाची बाही उसवली, कुणाचा पट्टा सुटला, की पोरं ‘काकू, काकू’ करत त्यांच्याकडे धावत. दुसऱ्या बाजूला इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी आपलं चिलखत दाखवत होता. लांबून लोखंडी वाटावं असं ते चिलखत प्रत्यक्षात चपलांच्या तळव्याला वापरतात त्या जातीच्या फोमचं. फोम कटरने कापायचा, गरम हवेने वाकवायचा, चपला जोडायला वापरतात ते सोल्युशन लावून चिकटवायचा आणि वर रंगाचे हात द्यायचे. तीन महिने रात्री जागून त्याने ते केलं होतं. त्याची आई मला हळूच म्हणाली, “घरी हा चार वाक्यं बोलत नाही हो. इथे बघा, तासभर झाला, फोम कसा वाकवायचा ते लोकांना समजावून सांगतोय.” तिच्या आवाजात कौतुक होतं आणि थोडी खंतही. हेच पोर आपल्याशी का बोलत नाही, ही खंत. त्यावर मी काय बोलणार? पण मनात आलं, की फोमबद्दल त्याला घरी कुणी कधी विचारलं असेल का?

दुपारी चार वाजता खरा कार्यक्रम सुरू झाला. हिंदीत कार्टूनना आवाज देणारे दोन कलाकार आले होते. त्यातल्या एक चाळिशीच्या बाई, साधा सुती पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स. रस्त्यात भेटल्या तर शाळेतल्या शिक्षिका वाटतील. त्या व्यासपीठावर बसल्या तेव्हा टाळ्या जेमतेमच पडल्या. त्यांनी माइक हातात घेतला, घसा खाकरला आणि आठ वर्षांच्या व्रात्य मुलाच्या आवाजात एकच वाक्य म्हटलं. सभागृह क्षणभर स्तब्ध झालं आणि मग जो गलका उठला तो दोन मिनिटं थांबेना. विशी-पंचविशीतली दाढीवाली मुलं डोळे पुसत होती! त्यांचं सगळं लहानपण त्या एका वाक्यातून परत आलं होतं.

लहान मुलांचे आवाज बायकांनी देणं ही जपानचीही जुनी रीत. मुलाचा आवाज फुटतो, बाईचा वर्षानुवर्षं तसाच राहतो. नोबुयो ओयामा यांनी १९७९ पासून २००५ पर्यंत डोरेमॉनला आवाज दिला. २०२४ मध्ये नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा जपानच्या बातम्यांत त्यांच्या आठवणी निघाल्या. १९३६ साली जन्मलेल्या मासाको नोझावा १९८६ पासून ‘ड्रॅगन बॉल’मधल्या गोकूचा आवाज म्हणून ओळखल्या जातात. तिथे आवाजाच्या कलाकाराला ‘सेइयू’ असा वेगळा शब्द आहे आणि त्या शब्दाला मान आहे.

बाईंनी कामाची पद्धतही सांगितली. जपानमध्ये बहुधा चार-पाच कलाकार हातात संहिता घेऊन एकाच खोलीत उभे राहतात आणि संवाद म्हणतात. आपल्याकडे एकेकजण एकटाच येतो. कानाला हेडफोन, समोर पडदा, पुढ्यात कागद. समोरच्या पात्राशी भांडायचं ते त्याचा आवाज नसतानाही भांडायचं, रडायचं तेही एकट्यानेच. जपानी वाक्य संपायच्या आत हिंदी वाक्य संपलं पाहिजे. चित्रातलं तोंड मिटलं आणि आपला शब्द उरला, की पुन्हा पहिल्यापासून. कार्टूनच्या पात्रांचे ओठ मिटलेले, अर्धे उघडे आणि पूर्ण उघडे एवढ्यावरच बहुधा भागतं, त्यामुळे माणसांच्या चित्रपटापेक्षा हे थोडं सोपं जातं. “पण ओरडायचे प्रसंग दिवसभर आले, तर रात्री घरी खुणांनीच बोलते,” असं सांगून त्या हसल्या.

मग मागच्या रांगेतला एक शाळकरी मुलगा उभा राहिला. त्याने विचारलं, “ताई, शेवटी नावं येतात त्यात तुमचं नाव का नसतं?”

बाई थोडं थांबल्या. म्हणाल्या, “पूर्वी बहुतेक वेळा घालत नसत. आता कुठे कुठे घालतात. काम केल्याचे पैसे एकदा मिळतात, मग मालिका दहा वर्षं दाखवा की वीस. आम्हीही कधी जोर धरला नाही. वाटायचं, आवाज पोचला ना, मग झालं.”

‘मग झालं’ असं पूर्वी म्हणता येत होतं. आता म्हणता येईल का, हा प्रश्न आहे. कारण आता माणसाच्या आवाजाचा छोटा नमुना मिळाला, की एआय त्या आवाजात हवं ते बोलून दाखवतं. जपानच्या नामवंत आवाज-कलाकारांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये एकत्र येऊन, आमचे आवाज आम्हाला न विचारता यंत्राला देऊ नका, असं जाहीर आवाहन केलं. आपल्याकडे अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांना २०२५ मध्ये आपल्या आवाजाच्या रक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. न्यायालयाने दोघांनाही संरक्षण दिलं, हे उत्तमच. पण आशाताईंचा आवाज कुणी उचलला, तर तो आशाताईंचा आहे हे सांगायला साक्षीदार लागत नाही. ज्या बाईचं नावच कधी पडद्यावर आलं नाही, तिने कुठल्या कागदाच्या आधारे सांगायचं, की हा आवाज माझा आहे? नाव घालणं हा मानापानाचा मामला वाटत होता. आता तो पोटापाण्याचा झाला आहे.

असो. तुमच्या घरातलं पोर अशा मेळाव्याला जायचा हट्ट धरत असेल, तर चार गोष्टी सांगते. पहिल्या वेळी बरोबर जा. लाजू नका, तिथे तुमच्यासारखे आई-बाप बरेच असतात. खर्चाचा आकडा आधी ठरवा. तयार पोशाख आणि केसांचे टोप महाग पडतात. जुन्या साड्या, ओढण्या आणि फोममध्ये निम्मं काम भागतं, शिवाय मुलाच्या हाताला कसब लागतं ते वेगळं. मी गेले तिथे दाराशीच पाटी होती: विचारल्याशिवाय फोटो काढू नका, अंगाला किंवा पोशाखाला हात लावू नका, खरी शस्त्रं आणू नका. हे तीन नियम मुलाकडून, आणि हो, मुलीपेक्षा मुलाकडून जास्त, पाठ करून घ्या. वेश घेतला म्हणजे त्या मुलीने कुणाला काही परवानगी दिली असं होत नाही. आणि शाळकरी मुलांचे फोटो त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय जगजाहीर करू नका.

आणखी एक काम आहे, तेही बिनखर्चाचं. कार्टून संपलं की आपण रिमोट उचलतो. तो अर्धं मिनिट तसाच राहू द्या आणि मुलाला सांगा, आवाज कुणाचा होता ते वाच. नाव दिसलं तर त्या माणसाची ओळख होईल. नाही दिसलं, तर ‘का नाही?’ असं तुमचं पोरच विचारेल. त्या शाळकरी मुलाने विचारलं तसंच. वाहिनीला दोन ओळींचं पत्र टाकायला मग त्याला तुमची मदत लागेल, तेवढी करा.