एवढं पुडकं नेशील ना?

गेल्या दिवाळीत दुबईला निघायच्या आदल्या रात्री साडेदहाला बेल वाजली, तेव्हाच मी ओळखलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. हातात चिकटपट्टीने चारी बाजूंनी गुंडाळलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. ‘‘फार नाही गं, दोन किलो भरेल. जातेच आहेस तर...’’

परदेशात मराठी माणसाला सगळ्यात मोठा धोका कशाचा, असं कुणी विचारलं तर खिसेकापू आणि टॅक्सीवाले मी दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर ठेवीन. पहिला नंबर ‘जातेच आहेस तर’ या तीन शब्दांचा.

काकूंची मुलगी शारजाला असते. तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून मी डबा घेतला, पण त्यांच्या देखतच कात्री आणली. काकूंचा चेहरा पडला. जमिनीवर सकाळचा पेपर पसरून मी एकेक जिन्नस बाहेर काढला. वर चकल्या. मग करंज्या. मग अनारसे, एकावर एक रचलेले, मध्ये बटर पेपर. दुहेरी पिशवीत घरचा गोडा मसाला. आणि तळाशी नॅपकिनात गुंडाळलेली खोकल्याच्या औषधाची बाटली. ‘‘तिला तिथलं लागू पडत नाही.’’

आता बघा. अनारशाला एका अंगाने खसखस. करंजीच्या सारणात खसखस. गोड्या मसाल्यात भाजलेली खसखस. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे ते वाण्याच्या दुकानात बडीशेपेच्या शेजारी असतं. संयुक्त अरब अमिरातींत मात्र ते निषिद्ध मालात मोडतं, आणि सौदी अरेबिया किंवा सिंगापूरलाही सामानात टाकून न्यायची सोय नाही. बाटलीवरचं मुंगीएवढं अक्षर चष्मा लावून वाचलं, तर त्यात कोडीन. अमिरातींत तेही नियंत्रित औषध. आधी परवानगी काढायची, आणि डॉक्टरांची चिठ्ठी हवी ती नेणाऱ्याच्या नावाची. खोकला मुलीला आणि बाटली माझ्या बॅगेत, हे तिथल्या कस्टमवाल्याला समजावणार कोण? २०१७ साली एका ब्रिटिश बाईने जोडीदाराच्या पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉलच्या २९० गोळ्या इजिप्तला नेल्या. तीन वर्षांची शिक्षा झाली.

काकूंच्या डब्यात निदान प्रेमच होतं. प्रत्येक डब्यात ते असेलच असं नाही.

जुलै २०१९ मध्ये मुंबईचं एक तरुण जोडपं दोह्याला गेलं. सहल नवऱ्याच्या आत्याने भेट दिलेली. निघताना तिने एक पाकीट दिलं, तिथल्या ओळखीच्यांना द्यायला. जिने तिकिटं काढून दिली, तिच्या पाकिटाला नाही कसं म्हणणार? विमानतळावर त्यातून निघालं ४.१ किलो चरस. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती, मूल तुरुंगातच जन्मलं. इकडे घरच्यांनी अमली पदार्थ नियंत्रण विभागाचे उंबरे झिजवले, तपासात दोघांना फसवल्याचं निघालं, आणि मार्च २०२१ मध्ये कतारच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. निर्दोष असण्याची किंमत पावणेदोन वर्षं. ‘भीड भिकेची बहीण’ म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसावं. भिकेवर भागलं असतं तर बरं झालं असतं.

जवळच्या माणसाकडून आलेली वस्तू तपासायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा, ही आपली समजूत. एप्रिल १९८६ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक गरोदर आयरिश तरुणी तेल अवीवच्या विमानासाठी रांगेत उभी होती. बॅग दिलेली तिच्या होणाऱ्या नवऱ्याने, निझार हिंदावीने. एल अल या विमान कंपनीच्या सुरक्षारक्षकांना रिकाम्या केलेल्या बॅगेचं वजन खटकलं. तळाच्या अस्तराखाली सेमटेक्स नावाचं दीड किलो स्फोटक निघालं. तिला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. हिंदावीला ४५ वर्षांची शिक्षा झाली. ‘बॅग तुम्हीच भरलीत का? कुणी काही दिलंय का?’ हे प्रश्न विमानतळावर आले की आपण जांभई देत मान डोलावतो. त्या प्रश्नांत काय भरलंय, ते या बॅगेकडे बघून कळतं.

‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर आपल्याला पुरेसं वाटतं. कायद्याला वाटत नाही. सिंगापुरात अमली पदार्थ तुमच्या ताब्यात सापडला की तो काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, असं कायदा गृहीत धरतो. नव्हतं, हे तुम्ही सिद्ध करायचं. आणि तिथे पंधरा ग्रॅमच्या वर हेरॉइनला फाशी आहे. परक्या देशांना नावं ठेवायला नकोत, आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यातही आरोपीचा हेतू असाच गृहीत धरलेला आहे.

विमानतळाच्या रांगेत हीच भीड अनोळखी चेहरा घेऊन येते. ‘‘ताई, माझं सात किलो जास्त भरतंय. तुमच्याकडे एवढीशी तर बॅग आहे. ही एक तुमच्या नावावर टाकता?’’ माणूस गरीब असतो, कपाळावर घाम असतो, मागचे लोक बघत असतात. पण काउंटरवर बॅगेच्या मुठीला पट्टी लागते, तिचा छोटा तुकडा तुमच्या बोर्डिंग पासला चिकटतो, आणि त्या बॅगेच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव चढतं. पलीकडे उतरल्यावर तो गरीब माणूस दिसेलच याची हमी नाही. येताना दुबईच्या विमानतळावर ‘हे कडं तेवढं हातात घालून या, बाहेर माझा भाऊ उभा आहे’ म्हणणारेही भेटतात. मला भेटलेत. सोनं मला शोभत नाही, असं सांगून सुटले.

एवढं करूनही कुणी अडकलंच, तर एक वाक्य पाठ असू द्या: ‘माझ्या दूतावासाला कळवा.’ १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार तो अटक झालेल्या परदेशी माणसाचा हक्क आहे, पण मागावा लागतो. दूतावासाची माणसं भेटायला येतात, वकिलांची यादी देतात, घरी कळवतात. सोडवून आणत नाहीत, आणता येतही नाही. २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितलेला परदेशी तुरुंगांतल्या भारतीयांचा आकडा दहा हजारांच्या वर होता. सगळ्यात जास्त सौदीत आणि अमिरातींत. सगळेच काही भिडेपायी गेलेले नसणार, हे उघड आहे.

त्या रात्री चकल्या तेवढ्या मी ठेवून घेतल्या. बाकीचं काकूंनी मुकाट्याने डब्यात भरलं. ‘‘अनारशाला अफू म्हणणारी तू पहिलीच,’’ असं म्हणून त्या जिना उतरून गेल्या.

शारजाला त्यांच्या मुलीने जेवायला बोलावलं होतं. चकल्या बघून ती हसायला लागली. निघताना आईसाठी खजूर, केशराची डबी आणि एक शाल असं तिने टेबलावर मांडून ठेवलं होतं. खोकं उघडंच होतं, शेजारी कात्री आणि चिकटपट्टी.

‘‘आईचा फोन आला होता,’’ ती म्हणाली. ‘‘तू आधी बघून घे. मग बांधते.’’