सात कोऱ्या ओळी आणि एक निष्ठा

'टूर द फ्रान्स' या जगप्रसिद्ध सायकल शर्यतीच्या विजेत्यांची यादी वाचू लागले, की तीन ठिकाणी अडखळायला होते. पहिल्या महायुद्धामुळे १९१५ ते १९१८ आणि दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० ते १९४६ या वर्षांत शर्यत भरलीच नाही, म्हणून त्या जागा रिकाम्या आहेत. तिसरी रिकामी जागा मात्र वेगळ्या जातीची आहे. १९९९ ते २००५ या सात वर्षांत शर्यत झाली, लक्षावधी लोकांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून ती पाहिली, पॅरिसमध्ये विजेत्याचा सत्कार झाला, त्याच्या देशाचे राष्ट्रगीत वाजले. आणि तरीही त्या सात ओळींसमोर आज कोणाचेही नाव नाही. युद्धाने पुसलेल्या ओळींविषयी खेद वाटतो, लबाडीने पुसलेल्या ओळींविषयी लाज वाटते.

असे असूनही प्रस्तुत लेखक या खेळाचा निष्ठावंत चाहता आहे. दरवर्षी जुलै महिना आला, की 'ज्या खेळात सगळेच चोर, त्याच्यापायी वेळ कशाला दवडता?' हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. विचारणारी माणसे सुशिक्षित आणि विचारी असतात, त्यामुळे तो हसण्यावारी नेता येत नाही. शिवाय हा प्रश्न केवळ सायकलपुरता नाही. ज्या गोष्टीवर मनापासून प्रेम केले, तिच्यात भ्रष्टाचार शिरल्याचे सिद्ध झाले, तर माणसाने काय करावे? पाठ फिरवून निघून जावे, डोळे मिटून जयजयकार करीत राहावे, की आणखी काही मार्ग आहे? संस्था, कला, सार्वजनिक जीवन अशा अनेक क्षेत्रांत हा पेच आपल्यासमोर उभा राहतो. सायकल शर्यतीत तो अगदी उघड्यावर दिसतो, एवढेच.

प्रथम या शर्यतीचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. तीन आठवडे, एकवीस टप्पे, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर अंतर आणि वाटेत आल्प्स व पिरेनीज पर्वतांतील घाट. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढणारे स्पर्धक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी त्याहून कितीतरी उंच असे तीन-चार घाट एकाच दिवसात चढण्याची कल्पना करून पाहावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वरवर पाहता हा एकट्याने खेळायचा खेळ वाटतो, पण तसे नाही. पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाने गेले, तर वाऱ्याचा विरोध बराच कमी होतो. म्हणून आठ जणांच्या संघातील सात जण आपल्या प्रमुखासाठी वारा अंगावर घेतात, संघाच्या गाडीपासून त्याला पाण्याच्या बाटल्या आणून देतात, वेळ पडली तर स्वतःची सायकलही काढून देतात. फ्रेंच भाषेत त्यांना 'डोमेस्तिक' म्हणतात. शब्दशः अर्थ घरगडी. विजेत्यांच्या यादीत या घरगड्यांची नावे कधीच नसतात. पण त्यांच्या पाठीवरूनच प्रत्येक विजेता पॅरिसला पोहोचतो.

'लोतो' नावाच्या वृत्तपत्राचा खप वाढावा म्हणून १९०३ साली ही शर्यत सुरू झाली. तिच्या इतिहासातील एक माणूस या खेळाचे मर्म सांगतो. १९१३ साली यूजेन क्रिस्तोफ हा फ्रेंच सायकलस्वार विजयाच्या वाटेवर असताना, पिरेनीजमधील तुर्माले घाट उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. दुसऱ्याची मदत घ्यायची नाही, असा नियम होता. तेव्हा हा गडी सायकल खांद्यावर घेऊन दहा किलोमीटरहून अधिक अंतर चालत पायथ्याच्या गावी गेला, तेथील लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हाताने चिमटा जोडला आणि पुढे निघाला. भट्टीचा भाता एका पोराने हलवला, एवढ्या कारणावरून अधिकाऱ्यांनी त्याला वर दंडही केला! पुढे १९१९ साली आघाडीवीराला पिवळी जर्सी देण्याची प्रथा सुरू झाली. 'लोतो' पिवळ्या कागदावर छापले जाई, त्यावरून तो रंग आला. ती जर्सी अंगावर घालण्याचा पहिला मान या क्रिस्तोफलाच मिळाला. आणि त्याच वर्षी पुन्हा एकदा चिमटा मोडून त्याने शर्यत गमावली. पिवळ्या जर्सीचा पहिला मानकरी टूर कधीच जिंकू शकला नाही. तरी आज शंभराहून अधिक वर्षांनंतर लोक त्याचे नाव आदराने घेतात. या खेळाची खरी पुंजी विजेत्यांच्या यादीबाहेरही साठवलेली आहे.

दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. १९०४ साली, म्हणजे दुसऱ्याच शर्यतीत, पहिल्या चारही क्रमांकांच्या स्पर्धकांना गैरप्रकारांवरून बाद करावे लागले. १९२४ मध्ये पेलिसिये बंधूंनी आल्बेर लाँद्र या पत्रकारासमोर आपल्या पिशवीतील कोकेन, क्लोरोफॉर्म आणि गोळ्या काढून दाखवल्या. १३ जुलै १९६७ रोजी माँ व्हाँतूच्या उघड्याबोडक्या चढणीवर टॉम सिम्पसन हा २९ वर्षांचा इंग्रज सायकलस्वार कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात ॲम्फेटामाइन हे उत्तेजक सापडले. अतोनात कष्ट, तुटपुंजी विश्रांती आणि प्रायोजकांचा पैसा एकत्र आले, की मोहाला दार आपोआप उघडते.

नव्वदच्या दशकात या मोहाला विज्ञानाची जोड मिळाली. 'इपीओ' हे मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी उपयुक्त ठरलेले औषध. ते रक्तातील तांबड्या पेशी वाढवते, त्यामुळे स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो. त्या काळी ते चाचणीत सापडतच नसे. म्हणून १९९७ साली आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने तांबड्या पेशींचे रक्तातील प्रमाण ५० टक्क्यांहून अधिक असता कामा नये, असा नियम केला. हेतू खेळाडूंच्या जिवाची काळजी घेण्याचा असला, तरी परिणाम असा झाला, की लबाडीला जणू अधिकृत मर्यादा आखून मिळाली. ८ जुलै १९९८ रोजी फ्रान्स-बेल्जियम सीमेवर फेस्टिना संघाच्या कर्मचाऱ्याची मोटार जकात अधिकाऱ्यांनी अडवली, तेव्हा आत औषधांच्या शेकडो कुप्या निघाल्या. संघाची हकालपट्टी झाली, पोलिसांनी हॉटेलांच्या झडत्या घेतल्या, निषेध म्हणून खेळाडूंनी रस्त्यावर बसकण मारली. त्या वर्षी १८९ जण निघाले होते, पॅरिसला ९६ पोहोचले.

पुढील वर्षी, १९९९ साली, कर्करोगावर मात करून परतलेला लान्स आर्मस्ट्राँग जिंकला. जगाला शुद्धीकरणाची कथा हवी होती, ती मिळाली. याच शर्यतीत ख्रिस्तोफ बासाँ नावाचा एक फ्रेंच तरुण होता. पूर्वी तो फेस्टिना संघातच होता आणि तो उत्तेजके घेत नाही, अशी साक्ष त्याच्या सहकाऱ्यांनीच पोलिसांपुढे दिली होती. 'ल पारिसियाँ' या दैनिकातील आपल्या स्तंभात शर्यतीच्या वेगाविषयी त्याने शंका मांडल्या. साऱ्या जथ्याने त्याच्याशी बोलणे टाकले. आल्प द्युएझच्या टप्प्यात तो एकटा पुढे निघाला, तेव्हा आर्मस्ट्राँगने त्याला गाठून 'हा खेळ सोडून दे' असे बजावले. एक-दोन दिवसांत बासाँ शर्यत सोडून घरी गेला आणि २००१ मध्ये त्याने व्यावसायिक सायकलिंगच सोडले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही.

बासाँ एकटा नव्हता. संघातील मालिशकर्मी एमा ओ'रायली हिने डेव्हिड वॉल्श या पत्रकाराला पाहिलेले सांगितले; तिच्यावर खटला भरला गेला, तिच्या चारित्र्यावर चिखलफेक झाली. १९८९ची टूर अवघ्या आठ सेकंदांनी जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडने २००१ मध्ये शंका व्यक्त केली, तर त्याच्यावरच जाहीर माफीची पाळी आली. 'संडे टाइम्स'ला बदनामीच्या दाव्यात तीन लाख पौंड मोजावे लागले. २००५ साली पॅरिसच्या व्यासपीठावरून आर्मस्ट्राँगने, ज्यांचा चमत्कारांवर विश्वास नाही त्यांच्याबद्दल खेद व्यक्त केला. २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने हजाराहून अधिक पृष्ठांचा पुरावा आणि २६ जणांच्या साक्षी जगापुढे ठेवल्या, सातही विजेतेपदे गेली आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने स्वतः कबुली दिली.

अनेक जण म्हणतात, 'सगळेच घेत होते, मग तोच श्रेष्ठ नाही का?' हे तर्कट ऐकायला सोयीचे, पण खोटे आहे. औषधाचा परिणाम प्रत्येक शरीरावर सारखा होत नाही. महागडा वैद्य आणि गुप्ततेची यंत्रणा प्रत्येकाला परवडत नाही. आणि मुख्य म्हणजे, सगळे घेत नव्हते. 'सगळेच चोर' असे म्हणणारा माणूस स्वतःला कठोर नीतिवादी समजतो. प्रत्यक्षात त्या एका वाक्याने तो चोराचा अपराध हलका करतो आणि बासाँसारख्याचे अस्तित्वच नाकारतो. आंधळा भक्त आणि सर्वांना मोडीत काढणारा टीकाकार, दोघेही शेवटी एकाच ठिकाणी पोहोचतात. सच्चा माणूस दोघांनाही दिसत नाही.

म्हणूनच, लबाडी उघड झाल्यावर खेळाला पाठ दाखवावी, हे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. लबाडांनी ज्यांना लुटले, ते त्याच रस्त्यावर सायकल चालवत होते. त्यांचे बक्षीस गेले, उमेदीची वर्षे गेली. प्रेक्षकही निघून गेले, तर त्यांची साक्ष द्यायलाही कोणी उरणार नाही. निष्ठा असलीच, तर ती यांच्याशी आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की आजचे वेग तरी निर्मळ कशावरून? तादेय पोगाचार या स्लोव्हेनियाच्या खेळाडूने २०२०, २०२१, २०२४ आणि २०२५ अशा चार टूर जिंकल्या आणि काही घाटांवरचे त्या बदनाम काळातील विक्रमही आता मागे पडले आहेत. हलक्या सायकली, आहारशास्त्र, सरावाच्या पद्धती ही कारणे पुढे केली जातात आणि त्यांत तथ्य आहे. पोगाचार कोणत्याही चाचणीत दोषी आढळलेला नाही. पुराव्यावाचून आरोप करणे अन्याय्य आहे. पण प्रश्न विचारणाऱ्याला खेळाचा शत्रू ठरवणे, ही आर्मस्ट्राँगच्या काळाची रीत होती. ती पुन्हा येता कामा नये. चाहत्याने टाळी वाजवावी, पण प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड दाबण्यासाठी हात उचलू नये.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. सायकलिंग एवढे बदनाम झाले, याचे एक कारण तेथे झडती झाली हेही आहे. २००८ पासून या खेळात 'जैविक पारपत्र' आले. त्यात केवळ निषिद्ध द्रव्य न शोधता खेळाडूच्या रक्तातील बदलांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली जाते. २००६ मध्ये स्पेनमध्ये पकडलेल्या रक्ताच्या पिशव्यांच्या प्रकरणात चर्चा सायकलस्वारांचीच झाली. आपल्याकडे अन्य खेळांतील खेळाडूही येत, असे त्या डॉक्टरने २०१३ साली न्यायालयात सांगितले, तरी ते खेळ बऱ्याच अंशी नामानिराळे राहिले. आपणही दूरच्या युरोपकडे बोट दाखवून समाधान मानण्याचे कारण नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३च्या आकडेवारीत भारतातील ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ नमुन्यांत निषिद्ध द्रव्ये आढळली. पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. मैदानावर मुलांना पाठवणाऱ्या प्रत्येक पालकाने आणि प्रशिक्षकाने विचार करावा, असा हा आकडा आहे. आपल्या मुलाला पदक मिळावे, ही इच्छा चांगलीच; पण 'नाही' म्हणून घरी परतलेल्या मुलाचे स्वागत करण्याची तयारी आपल्या घरांत आहे का?

म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, असे आपल्याकडे म्हणतात. सात विजेतेपदे गेली, याचे दुःख नाही. बोलणाऱ्याला गप्प बसवता येते, हे लबाडाच्या अंगवळणी पडू नये, यासाठी जागे चाहते हवेत. सायकल महासंघाने ती सात विजेतेपदे दुसऱ्या कोणाला दिली नाहीत, हे योग्यच झाले. त्या ओळी तशाच कोऱ्या राहाव्यात. त्या वर्षांत प्रामाणिकपणे शर्यत पुरी करून तिसाव्या किंवा नव्वदाव्या क्रमांकावर पॅरिसला पोहोचलेला कोणी तरी होता. त्याचे नाव इतिहासाला कदाचित कधीच कळणार नाही, पण त्याच्यासाठी एवढी जागा मोकळी ठेवणे खेळाला शोभून दिसते.