नशीब म्हणजे वाटा. पण वाटलं कुणी?

परवा मावशीचा फोन आला. "तुझ्या कपाळावर सटवाईने झकास लिहिलंय बघ. परदेशात पीएचडी काय, दोहाची नोकरी काय!" आणि त्याच दमात, "आपल्या तालुक्यातला तो सेंटरिंगवाला पोरगा तिकडेच गेला ना, परांचीवरून पडून. त्याचं नशीब!"

माझी पीएचडी आणि त्याचं मरण, दोन्हींची लेखिका एकच! मावशीवर माझा राग नाही. राग आहे तो 'नशीब' या शब्दाच्या आपण करत असलेल्या वापरावर. तो उच्चारला की पुढचा प्रश्न विचारायची गरजच उरत नाही.

मंडळी, सटवाई ही काही आपली मक्तेदारी नाही. ग्रीकांच्या तीन मोइराई होत्या. क्लोथो आयुष्याचं सूत कातणार, लाखेसिस ते मोजणार, आत्रोपोस कापणार. चाती, मोजकाठी आणि कात्री ही त्यांची चिन्हं. रोमनांच्या फोर्तुनाजवळ चाक आणि सुकाणू. गंमत पुढे आहे. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला तेर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक चिडून सांगतो की, मूल जन्मल्यावर आठवड्याच्या शेवटच्या दिवशी रोमन लोक 'फाता स्क्रिबुंदा'ला, म्हणजे नशीब लिहिणाऱ्या शक्तीला बोलावतात. आपण पाचवीला कोरा कागद आणि लेखणी मांडतो, त्याचीच ही रोमन बहीण! मी राहतो त्या अरबस्तानातही इस्लामपूर्व काळात 'मनात' नावाची दैवदेवता होती.

आता शब्द बघा. 'मोइरा' म्हणजे वाटा, हिस्सा. 'मनात'चं मूळ वाटून देण्याच्या अर्थाच्या धातूत सांगतात. आपण अरबीतून घेतलेल्या 'नशीब' आणि 'किस्मत' या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ वाटाच. आणि आपलं 'भाग्य'? तेही 'भाग'वरूनच. आपण म्हणतोच की, "माझ्या वाट्याला आलं."

मग सरळ प्रश्न असा की, वाटा आहे तर वाटणाराही असणार. तो कोण?

इथलं एक उदाहरण देतो. कतारमध्ये २०२१च्या नियमाने १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावरचं काम बंद केलं. पूर्वीची बंदी कमी तासांची आणि कमी दिवसांची होती. शिवाय ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र मोजणारा निर्देशांक ३२.१ अंशांवर गेला की कोणत्याही वेळी काम थांबवायचं. कतार रेड क्रेसेंटच्या कामगार दवाखान्यांत २०२०च्या उन्हाळ्यात उष्णतेच्या त्रासाचे १,५२० रुग्ण आले होते, २०२२ला ३५१. आता सांगा, मधल्या दोन वर्षांत सटवाईचं अक्षर सुधारलं का? लिहिणारा हात मंत्रालयात होता!

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अहवालानुसार २०२० साली इथे कामामुळे ५० कामगार मेले, ५००हून थोडे अधिक गंभीर जखमी झाले. प्रमुख कारणं म्हणजे उंचावरून पडणं आणि रस्त्यावरचे अपघात. पडण्यावर उपाय असतात: कठडा, जाळी, पट्टा. इंजिनिअर म्हणून सांगतो, यातलं काहीच कपाळावर लिहिलेलं नसतं; ते ड्रॉइंगवर आणि बिलात लिहिलेलं असतं. किंवा खर्च वाचवायला गाळलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, अहो, नशिबावर विश्वास हा गरिबाचा आधार आहे, तोही काढून घेणार का? नाही. त्या पोराच्या आईने सटवाईला बोल लावावा, तिला तो हक्क आहे. पण ठेकेदाराला नाही, एजंटला नाही, आणि एसीत बसलेल्या मलाही नाही. आम्ही तर फारच हुशार! आपल्या यशाला 'कष्ट' म्हणतो आणि दुसऱ्याच्या मरणाला 'नशीब'. कष्ट त्यानेही केले होते, माझ्यापेक्षा जास्तच. मला शिकलेले आईबाप मिळाले, इंग्रजी मिळालं, फेलोशिप मिळाली. हाही वाटाच होता की!

मावशीला मी एवढंच विचारलं, "त्याने पट्टा बांधला होता का गं? एजंटला किती दिले होते? भरपाई मिळाली का?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "हे कुणी विचारलंच नाही रे."

पुढच्या वेळी तुमच्या गावात अशी पेटी आली, तर तेवढं विचारा.