घोडा नंतर, आधी आकडा
पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यात मुंबईत महालक्ष्मीला रेस भरते, तेव्हा दर सीझनला काही नवे चेहरे रेसबुक हातात घेऊन उभे दिसतात. कोणता घोडा, हे दहा जणांना विचारतात. किती लावू, हे कुणालाच नाही. खरं तर आधी तेच ठरवायचं. सीझनसाठी १०,००० रुपये बाजूला काढलेत (गेले तरी घरभाडं, किराणा अडणार नाही असे) तर एका डावावर २०० पुरेत. ओळीने १० घोडे हरले तरी ८,००० शिल्लक. आता हरल्यावर दुप्पट लावणाऱ्याचा हिशोब बघा: २००, ४००, ८००, १६००, ३२००. पाच डावांत ६,२०० खलास, आणि सहाव्याला लागणारे ६,४०० खिशातच नाहीत. पाच घोडे ओळीने हरण्यात नवल ते काय? फेव्हरिटसुद्धा सर्रास हरतो. बेताने लावणारा जिंकतोच, असं मात्र अजिबात नाही. त्याचा पैसा सावकाश जातो, इतकंच. कारण टोटवर, म्हणजे रेस क्लब सगळ्यांच्या पैजा एकत्र घेतो त्या खिडकीवर, जमलेल्या रकमेतून क्लबचा वाटा आणि कर आधी कापला जातो, आणि जिंकणाऱ्यांत वाटलं जातं ते उरलेलं.